विश्वास ठेवल्यावर नेमकं काय बदलतं? ख्रिस्ती जीवनात नव्याने येणाऱ्यांचे आणि त्यांच्या घरच्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या मंडळ्यांमध्ये (म्हणजे चर्चमध्ये) नव्याने येणारी माणसं जे विचारतात, आणि त्यांचे आईवडील, नवरा किंवा बायको जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट रीत जिथे वेगळी आहे तिथे तसं सांगितलं आहे.

विश्वास ठेवला त्याच दिवशी माणूस बदलतो का?

यात दोन गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत झाली की पुढचा सगळा घोळ होतो. एक, देवाशी असलेलं नातं. दुसरी, स्वभाव आणि सवयी. प्रोटेस्टंट शिकवणीत पहिल्याला नीतिमान ठरणं म्हणतात, दुसऱ्याला पवित्रीकरण. पहिलं देवाच्या कृपेने होतं, त्यासाठी काही कमवावं लागत नाही. दुसरं मरेपर्यंत चालतं. कॅथलिक शिकवण या दोन्हींना एकाच कृपेचं काम मानते, इतकं वेगळं काढत नाही. १५१७ साली प्रोटेस्टंट चळवळ सुरू झाली तेव्हापासून यावर वाद झाले. १९९९ साली कॅथलिक आणि लुथरन (प्रोटेस्टंटांतल्याच एका परंपरेच्या) मंडळ्यांनी संयुक्त घोषणा करून मूळ मुद्द्यावर आपलं एकमत असल्याचं जाहीर केलं. रोजच्या जगण्यात मात्र दोघांचाही अनुभव सारखाच असतो: नातं आज जुळलं तरी जीभ उद्याही तिखटच असते.

आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या पौलाला दमास्कसच्या वाटेवर प्रकाश दिसला आणि तो येशूकडे वळला, ही गोष्ट मंडळीत सगळ्यांना पाठ असते. त्यानंतर तो अरबस्थानात गेला आणि तीन वर्षांनी यरुशलेमेत येशूचा शिष्य पेत्र याला भेटला, हे त्याने गलतीकरांना लिहिलेल्या, बायबलमधल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात आहे. ते सहसा कोणी सांगत नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा (पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी) १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. पण ख्रिस्ताची वैयक्तिक ओळख आपल्याला त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी झाली, असं त्यांनीच सांगितलं आहे. तोवर त्यांचं शारदा सदन मुंबईत सुरू होऊन पुण्यातही आलं होतं. तेव्हा तीन महिन्यांत आपण संत झालो नाही म्हणून घाबरू नका.

मला काहीच ‘वाटलं’ नाही. ना रडू आलं, ना अंगावर काटा. मग माझा विश्वास खोटा का?

नाही. भावना ही झोप, जेवण, गाण्याचा आवाज आणि शेजारी बसलेला माणूस यांवरही अवलंबून असते. सभेत ढसाढसा रडून सोमवारी दुकानात मापात पाप करणारी माणसं असतात, आणि डोळ्यांतून टिपूसही न काढता जुनी उधारी फेडून टाकणारीही असतात.

मग बदल होतोय हे ओळखायचं कसं?

गलतीकरांस पत्रात (५:२२-२३) आत्म्याच्या फळाची यादी आहे: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. गुण नऊ, पण शब्द ‘फळ’, एकवचनी. म्हणजे यातलं आवडेल ते एक उचलून चालत नाही. भरपूर आनंद आहे, पण सासूशी बोलताना सौम्यता औषधालाही नाही, तर फळ अजून पिकलेलं नाही.

आणि ते पिकलं का, हे तुम्ही स्वतः सांगायचं नसतं. घरच्यांना विचारा. तुम्ही दारातून आत आल्यावर मुलं अभ्यासाचं नाटक करत होती, ती आता तशीच खेळत राहतात का? जेवणात मीठ जास्त पडलं तर ताटाचा आवाज होतो का? आमच्या मते साक्षीच्या सभेत, म्हणजे आपला बदल सर्वांसमोर सांगायच्या सभेत, बोललेल्या दहा मिनिटांपेक्षा ही परीक्षा जास्त खरी आहे.

दुसरी जागा म्हणजे पैसा. लूकने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, म्हणजे शुभवर्तमानात, १९ व्या अध्यायात जक्कय नावाचा श्रीमंत जकातदार आहे. येशू त्याच्या घरी जातो, तेव्हा तो उभा राहून हिशेबच मांडतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि कोणाकडून अन्यायाने काही घेतलं असेल तर चौपट परत. क्रम लक्षात घ्या. आधी येशू त्याच्या घरी उतरला, पैसे नंतर निघाले. पैसे देऊन त्याने ती भेट विकत घेतली नव्हती.

जुन्या चुकांची भरपाई कशी करायची?

एक कोरा कागद घ्या आणि तीन रकाने पाडा: कोणाचं, काय, आता काय शक्य आहे. ‘काय’मध्ये फक्त पैसे धरू नका. बुडवलेली उधारी, भावाच्या हिश्श्याचं दडवलेलं भाडं, कामाला येणाऱ्या मावशींचे कापलेले खाडे, कोणाविषयी पसरवलेलं खोटं, सगळं लिहा. मग सर्वांत लहान रकमेपासून सुरुवात करा. लहान रक्कम लगेच फिटते आणि पुढच्या माणसाकडे जायला धीर येतो. रक्कम मोठी असेल तर महिन्याचा हप्ता ठरवा, समोरच्याला तारीख सांगा आणि ती पाळा. चौपट हा जक्कयाचा स्वतःचा निर्णय होता, तो सगळ्यांना लावलेला नियम नाही. मुद्दल आणि मनापासून मागितलेली माफी ही किमान पायरी.

यात दोन ठिकाणी चुकतं. एक म्हणजे स्वतःचं मन हलकं करायला दुसऱ्याच्या डोक्यावर धोंडा ठेवणं. जुन्या प्रकरणाची कबुली देताना तिसऱ्या कोणाचा संसार मोडणार असेल, तर आधी पाळकांशी (प्रोटेस्टंट धर्मगुरूंशी) किंवा फादरांशी एकांतात बोला. दुसरं म्हणजे निनावी पाकीट टाकून मोकळं होणं. पैसे पोचतात, नातं तिथेच राहतं. आणि गुन्ह्याचा मामला असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय सहीचं काही लिहून देऊ नका.

रोज नेमकं काय करायचं? किती वेळ?

पंधरा मिनिटं, पण रोज. एका रविवारी दोन तास आणि मग आठवडाभर काही नाही, यापेक्षा हे बरं. मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करा. १६ अध्याय आहेत, रोज एक घेतला तर १६ दिवसांत संपतं. मग लूक, मग प्रेषितांची कृत्ये. स्तोत्रं १५० आहेत. रोज पाच घेतली तर महिन्यात एक फेरी होते.

नवखे लोक उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सरळ वाचत सुटतात आणि नियमांनी भरलेलं लेवीय आलं की पुस्तक मिटतं. संपूर्ण पवित्र शास्त्राचे १,१८९ अध्याय आहेत (कॅथलिक आवृत्तीत ६६ ऐवजी ७३ पुस्तकं, म्हणून अध्यायही जास्त). वर्षात संपवायचं तर रोज तीन ते चार अध्याय पडतात. पहिल्या वर्षी तो हट्ट धरू नका.

पंधरा मिनिटांची विभागणी अशी करून पाहा: सात मिनिटं वाचन, तीन मिनिटं वहीत एक वाक्य उतरवणं आणि ‘आज हे कुठे लागू होतं’ एवढं लिहिणं, पाच मिनिटं प्रार्थना. मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. जुन्या भाषांतराची मराठी जड वाटत असेल तर सोप्या भाषेतली आवृत्ती शेजारी ठेवा, पण जुनी टाकू नका, पाठांतराला तीच बसते.

प्रार्थना घरच्या मराठीत करा. पुष्कळ जण डोळे मिटले की अचानक व्यासपीठावरची भाषा बोलू लागतात. आईशी बोलताना ‘हे परमकृपाळू माते’ म्हणत नाही ना आपण? काहीच सुचलं नाही तर येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना सावकाश, ओळीओळीला थांबून म्हणा. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ या ओळीपाशी बहुतेकांना थांबावंच लागतं.

दारू सोडायची आहे. प्रार्थना केली की सुटेल का?

काहींची सुटते. पण वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं, हे आधी ऐका. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ, अस्वस्थता सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भ्रम होणं, नसलेली माणसं दिसणं, ताप असा गंभीर प्रकार होऊ शकतो. घरचे त्याला ‘भूत लागलं’ समजून प्रार्थनेला बसवतात आणि रुग्णालयात न्यायचा वेळ निघून जातो. अशा वेळी प्रार्थना गाडीत करा, गाडी रुग्णालयाच्या दिशेने असू द्या.

शरीरातली दारू उतरवण्याचे पहिले दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढा. पुढचं काम लांबलचक आहे. येरवड्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करतं, आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांना मदत करण्याच्या, बैठकाही होतात. या चळवळीची सुरुवात १९३५ साली अमेरिकेत झाली आणि तिच्या बारा पायऱ्यांची काही मुळं एका ख्रिस्ती गटाच्या शिस्तीत आहेत: कबुली, भरपाई, दुसऱ्याला मदत. तिथे जाणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे.

प्रभुभोजनात, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीत, द्राक्षारसाचं काय, हा प्रश्न लोक लाजून विचारत नाहीत. पुष्कळ प्रोटेस्टंट मंडळ्यांत बिनदारूचा रस असतो, तरी आधी विचारून घ्या. कॅथलिक मिस्सात (उपासनेत) फक्त भाकर घेतली तरी सहभागिता, म्हणजे प्रभुभोजन, पूर्ण मानली जाते. पेल्याला नको म्हणा, कारण सांगायची गरज नाही.

मानसिक आजाराची औषधं चालू आहेत. बंद करू का?

नाही. औषध कमी करायचं की थांबवायचं हे ज्याने लिहून दिलं तोच ठरवेल. ‘विश्वास असता तर गोळी लागली नसती’ असं कोणी म्हणालं तर त्याच्या डोळ्यांवरच्या चष्म्याकडे पाहा.

क्षमा करायची म्हणजे सगळं सहन करायचं का?

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायात तक्रारीच्या पायऱ्या दिल्या आहेत. आधी त्या माणसाला एकट्याला गाठून चूक दाखवा. ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर न्या. तरी नाही तर मंडळीपुढे मांडा. आपल्याकडे ही शिडी नेमकी उलटी लावतात: आधी सगळ्या मंडळीला, मग व्हॉट्सअॅप ग्रुपला आणि शेवटी, धीर झालाच तर, त्या माणसाला.

क्षमा म्हणजे सूड सोडणं. त्यात ‘काही झालंच नाही’ असं म्हणणं येत नाही आणि लगेच पूर्वीसारखा भरवसा ठेवणंही येत नाही. घरात मारहाण होत असेल तर बाहेर पडा, १८१ किंवा ११२ वर फोन करा. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे आणि ख्रिस्ती स्त्रीलाही तो लागू आहे. ‘बाई, प्रार्थना कर आणि परत जा’ हा सल्ला चुकीचा आहे, कोणीही दिला तरी.

घरचे हिंदू आहेत. गणपतीत काय करू? प्रसाद, वर्गणी, आरती?

पुण्यात हा प्रश्न दर वर्षी भाद्रपदात येतो. पौलाने करिंथकरांना (पहिलं पत्र, अध्याय ८ आणि १०) मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दल सविस्तर लिहिलं आहे. अन्नाने आपण देवाजवळ जात नाही की लांब पडत नाही. बोलावलं तर पुढ्यात येईल ते चौकशी न करता खा. पण हे वाहिलेलं आहे असं कोणी मुद्दाम सांगितलं, तर त्याच्या मनाचा विचार करून खाऊ नका. यावर मंडळ्यांत एकमत नाही. काही पाळक प्रसाद पूर्ण नाकारायला सांगतात, काही सद्सद्विवेकावर सोडतात.

व्यवहारात असं जमतं: पूजा आणि आरतीत भाग घ्यायचा नाही, पण स्वयंपाकघरातून पळ काढायचा नाही. नारळ खवून द्या, पाहुण्यांना पाणी द्या, भांडी घासा. शेजारच्या काकूंनी वाटीत मोदक आणून दिला तर दारातच प्रवचन देऊ नका. घेणार नसाल तर ‘काकू, मी घेत नाही, पण बसा ना, चहा टाकते’ एवढं पुरतं. सोसायटीच्या वर्गणीतला मांडवाचा आणि पूजेचा भाग वेगळा करता येत नाही, तेव्हा काही जण तेवढीच रक्कम रक्तदान शिबिराला किंवा विसर्जनानंतरच्या सफाईला देतात.

चहावरून आठवलं: १८९० साली लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आणि पुण्यातल्या इतर काही प्रतिष्ठितांनी पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतला आणि त्यावरून मोठं ग्रामण्य (जातीबाहेर टाकण्याचा वाद) उभं राहिलं, प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. ताटातल्या वस्तूवरून वाद होणं या शहराला नवं नाही. दोन्ही बाजूंनी जरा दमाने घ्यावं.

याहून अवघड प्रश्न वडिलांना अग्नी कोण देणार हा. तो स्मशानात सोडवू नका. वडील हयात असताना भावाशी, चुलत्यांशी बोलून ठेवा. विधी दुसऱ्या कोणी करायचा आणि रुग्णालयाचा, अन्नाचा, आईचा भार तुम्ही उचलायचा, असं वाटून घेणारी घरं आहेत.

नवरा किंवा बायको विश्वासात नाही. वेगळं व्हावं का?

पौल स्पष्ट सांगतो (१ करिंथ ७): जोडीदार राहायला तयार असेल तर सोडू नये. कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तो घ्यायला आणखी काही वर्षं गेली, आणि घेतला तो स्वतःच्या मनाने. उशाशी पत्रकं ठेवण्यापेक्षा वेळेवर घरी या. हे जास्त लवकर वाचलं जातं.

बाप्तिस्मा कधी आणि कसा? कागदपत्रांचं काय होतं?

घाई करू नका. कॅथलिक मंडळीत प्रौढांची तयारी साधारण वर्षभर चालते आणि ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा, दृढीकरण (विश्वास दृढ करण्याचा संस्कार) आणि पहिली सहभागिता एकत्र होते. चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये (प्रोटेस्टंट, स्थापना १९७०) वर्ग घेऊन बाप्तिस्मा देतात, लहान मुलांचाही होतो. बाप्टिस्ट आणि पेंटेकोस्टल मंडळ्या प्रौढांनाच, पाण्यात पूर्ण बुडवून देतात. कोणी बाप्तिस्म्याच्या बदल्यात नोकरी, शाळाप्रवेश किंवा पैसे देऊ करत असेल तर तिथून निघा. तसा बाप्तिस्मा मंडळीच्या दृष्टीनेही लाजिरवाणा आहे, कायद्याचा प्रश्न वेगळाच.

कायद्याच्या तीन गोष्टी आधी माहीत हव्यात. एक: १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो, ख्रिस्ती झाल्यावर तो राहत नाही. अनुसूचित जमातीला ही धर्माची अट नाही. दोन: हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराने धर्म बदलणं हे घटस्फोटाचं कारण होऊ शकतं. तीन: हिंदू वारसा कायद्याच्या कलम २६ प्रमाणे धर्म बदललेल्याचा स्वतःचा वारसाहक्क जात नाही, पण त्यानंतर झालेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांकडून वारसा मिळत नाही, वारसा खुला होताना ती मुलं हिंदू असतील तर गोष्ट वेगळी. फॉर्मवर एक लिहायचं आणि रविवारी दुसरं जगायचं, ही कसरत पुष्कळांच्या वाट्याला येते. तिची किंमत आधी मोजा, आणि वकिलाशी बोला.

मंडळीत आल्यावर जात जाते का?

जायला हवी. ख्रिस्तात यहुदी-हेल्लेणी (ग्रीक), दास-स्वतंत्र असा भेद नाही, हे गलतीकरांस पत्रात लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात ती लग्न जमवताना दबक्या पावलांनी परत येते. ‘मूळचे कुठले?’ हा प्रश्न गावासाठी विचारलेला नसतो, हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं. नव्याने येणाऱ्याने याचा धक्का बसायला तयार असावं, आणि जुन्यांनी या प्रश्नाला उत्तर देणं बंद करावं.

दशांश द्यायलाच हवा का? पगारातून कापून की हातात आलेल्यातून?

दहावा भाग हा जुन्या कराराचा नियम आहे. नव्या करारात आकडा नाही, ‘ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे, कुरकुर न करता’ एवढंच आहे (२ करिंथ ९:७). हातात ३०,००० येत असतील आणि १२,००० हप्त्यांत जात असतील, तर ९०० म्हणजे तीन टक्क्यांपासून सुरुवात करा, कर्ज फिटेल तसं वाढवा. क्रेडिट कार्डावर उधार काढून दान देऊ नका. आईच्या औषधाला पैसे नाहीत आणि दानाची पिशवी भरली, अशा वागण्यावर येशू किती कडक बोलला ते मार्क ७ मध्ये वाचा. ‘एवढे पेरा, शंभरपट मिळतील’ असं सांगणाऱ्याकडे मंडळीचा तपासलेला वार्षिक हिशेब मागून पाहा.

नाव बदलावं का? मंगळसूत्र, कुंकू?

नाव बदलणं बंधनकारक नाही. कितीतरी मराठी ख्रिस्ती घरांत मंगळसूत्र आहे, अनेकदा त्यात क्रूस ओवलेला असतो. कुंकवाबद्दल घराघरांत वेगळी रीत आहे.

सहा महिने नीट गेले आणि पुन्हा घसरलो. आता?

त्याच दिवशी कोणाला तरी सांगा. लपवलेल्या घसरणीचे आठवडे होतात. कॅथलिकांसाठी पापनिवेदनाचा, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली देण्याचा, संस्कार आहे. वर्षातून एकदा हा किमान नियम, पण महिन्यातून एकदा जाणाऱ्यांना त्याचा जास्त उपयोग होतो. प्रोटेस्टंटांनी याकोब ५:१६ प्रमाणे एक माणूस ठरवावा: आपल्याच लिंगाचा, वयाने किंवा विश्वासाने मोठा, आणि तोंडाचा घट्ट. आठवड्यातून अर्धा तास. त्याने तीनच प्रश्न विचारावेत: या आठवड्यात कुठे पडलास, कोणाशी खोटं बोललास, कोणाची माफी मागायची राहिली आहे?

मग घसरण कुठे झाली ते तपासा. बहुतेक वेळा वेळ, जागा आणि सोबत ठरलेली असते: पगाराची तारीख, तोच कोपरा, तोच मित्र. या तिन्हींतली एक बदलली तरी पुढच्या वेळी झुंज सोपी जाते. रस्ता बदलणं हाही पश्चात्तापाचाच भाग आहे.

पहिल्यांदा उपासनेला यायचं आहे. काय माहीत असावं?

कुठेही जा. गुरुवार पेठेतलं पंचहौदचं पवित्र नाम देवालय (१८८५), नाना पेठेतलं सिटी चर्च, किंवा घराजवळची एखादी लहान मंडळी. मराठी उपासनेची वेळ आधी विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी इंग्रजी आणि मराठी उपासना वेगळ्या असतात. दहा मिनिटं आधी पोचा, मागच्या बाकावर बसा, लोक उठले की उठा, बसले की बसा. गीताचा क्रमांक फळ्यावर लावलेला असतो. पुस्तक शेजारच्याकडे मागा. बाप्तिस्मा झालेला नसेल तर प्रभुभोजनाच्या वेळी जागेवर बसून राहा, कोणी काही म्हणत नाही. दानाची पिशवी आली तर पुढे सरकवा. संपल्यावर दाराशी पाळक हात मिळवायला उभे असतात; नाव सांगा, नाहीतर नुसतं ‘सलाम’ म्हणून निघा.